२७. दोन अँपिअरचा झटका

येथे उल्लेख सिम८००एल या जीएसएम मॉड्यूलचा आहे. शांघायच्या सिमकॉम कंपनीच्या या मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. म्हणजे ५ व्होल्ट जास्त आणि ३.३ कमी. जीएसएममध्ये एकच वाहिनी आठ जण पाळीपाळीने वापरतात. ४.६१५ मिलिसेकंदांच्या प्रत्येक फेरीत प्रक्षेपणासाठी साधारणपणे ०.५७७ मिलिसेकंदांची एकच पाळी मिळते. टॉवर दूर असला की तेवढ्या वेळात मॉड्यूल २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते, सेकंदाला सुमारे २१७ वेळा. सरासरी प्रवाह याहून पुष्कळ कमी असतो. म्हणून लेखकाच्या मल्टिमीटरवर व्होल्टेज ठीक दिसत होते. खरी घसरण फक्त ऑसिलोस्कोपवर दिसते. तारा आणि जोडण्यांचा मिळून ०.२ ओहम रोध असला, तरी २ अँपिअरला ०.४ व्होल्ट वाटेतच जातात. ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलवर मग मॉड्यूलपाशी ३.३ उरतात आणि ते बंद पडते किंवा नेटवर्क शोधताना पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होते.

पुढच्या परिच्छेदातला ‘मोठा कपॅसिटर’ हा अर्धाच उपाय आहे. तो झटका एकट्या १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने पेलायचा म्हटला, तर त्यावरचे व्होल्टेज जवळपास १.१५ व्होल्टने उतरेल. मुख्य भार २ अँपिअर सहज देणाऱ्या, ४ व्होल्टच्या रेग्युलेटरनेच उचलायला हवा. कपॅसिटर कमी अंतर्गत रोधाचा आणि मॉड्यूलच्या पिनेला अगदी लागून असावा. लेखकाने तो रेग्युलेटरजवळ बसवला होता.