निर्मलचे सोने आणि यंत्राची छबी

देवाची छबी घरोघर पोहोचविण्याचा मार्ग पिढीगणिक पालटत आला आहे. आजच्या पिढीचा मार्ग म्हणजे ॲक्रिलिकच्या तक्त्यावर तापलेल्या दाबयंत्राने उमटविलेले चित्र. देणगीदारांस द्यावयाची स्मृतिचिन्हे आणि देवघरातील तसबिरी आता पुष्कळदा याच रीतीने तयार होतात. या छपाईचा विचार आम्ही येथे आदिलाबादच्या निमित्ताने करीत आहो; कारण लाकडावर रंग चढविण्याची एक थोर परंपरा ज्या निर्मल गावी नांदली, ते गाव याच जिल्ह्यात होते.

आदिलाबाद मराठी वाचकांस परके नाही. किनवट आणि राजुरा हे मराठी मुलूख १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात मोडत. गोदातीरीच्या बासरची सरस्वती हे मराठवाड्यातील भाविकांचेही श्रद्धास्थान. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी तेलंगणाने जिल्ह्यांची फेरमांडणी केली, तेव्हा निर्मल आणि बासर ही दोन्ही स्थाने नव्या निर्मल जिल्ह्यात गेली. सीमा हलल्या, कला मात्र आहे तेथेच राहिली.

निर्मलचे नक्काश पोनिकी नावाचे हलके, मऊ लाकूड कोरतात. ते वाळवून त्याचे सुटे भाग चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने जोडतात, वर पांढऱ्या मातीचा लेप देतात आणि मग रंग भरतात. निर्मलच्या चित्रांत काळ्या भूमीवर जी सोनेरी झळाळी दिसते, ती जुन्या रीतीत वनस्पतींच्या रसापासून साधली जात असे. म्हणजे ते सोने धातूचे नव्हे, हाताचे. सावंतवाडीच्या चितारआळीत ज्यांनी लाकडी फळे आणि गंजिफा घडताना पाहिल्या आहेत, त्यांस हा व्यवसाय निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही.

यंत्राची छबीही आपल्याकडे कालपरवा आली असे नव्हे. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून देवादिकांची चित्रे छापली. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. मंदिराच्या गाभाऱ्यापर्यंत ज्यांस जाऊ दिले जात नव्हते, त्यांच्याही भिंतीवर लक्ष्मी आणि सरस्वती या छापांमुळे आल्या. तेव्हा यंत्र आले म्हणजे भक्ती उणावली, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही.

आजच्या छपाईचे तत्त्व प्रत्येक देवघरात ठाऊक आहे. उघडा ठेवलेला कापूर न वितळताच हवेत विरतो. घनाने द्रवरूप न घेता वायुरूप होणे यास शास्त्रात संप्लवन म्हणतात. आपल्या रसशास्त्रात ऊर्ध्वपातन या नावाने अशाच क्रिया वर्णिल्या आहेत. काही कृत्रिम रंगांचाही हाच गुणधर्म आहे. नोएल द प्लास या फ्रेंच तंत्रज्ञाने १९५७ च्या सुमारास त्याचा उपयोग कापडावरील छपाईसाठी करून दाखविला. चित्र प्रथम कागदावर उलटे छापतात. तो कागद वस्तूवर ठेवून सुमारे १८० ते २०० अंश उष्णतेने दाबला की रंग वाफ होऊन पॉलिएस्टरच्या थरात शिरतो. साध्या ॲक्रिलिकला हा रंग नीट धरत नाही, म्हणून त्यावर तसा थर आधी द्यावा लागतो. शिवाय ॲक्रिलिक १०५ अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. त्यामुळे उष्णता, दाब आणि वेळ यांचा मेळ जपून घालावा लागतो, आणि तक्ता सपाट ठेवूनच निववावा लागतो. हे रंग पारदर्शक असल्याने पांढरी भूमीही आधीच हवी. निर्मलच्या कारागिराने पांढऱ्या मातीचा लेप ज्या कारणासाठी दिला, त्याच कारणासाठी यंत्रालाही पांढरी पाटी लागते, हे साम्य मनोरंजक आहे.

मग कलह कोठे आहे? तो नावात आहे. निर्मलच्या फलकाचे छायाचित्र घेऊन त्याचे शेकडो छाप एका दिवसात निघू शकतात. वस्तूंच्या भौगोलिक निर्देशनाचा १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आहे आणि निर्मलच्या खेळण्यांस व कारागिरीस त्याखाली नोंद मिळाली आहे. नोंद दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण करता येते. ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. परंतु हा कायदा नावाचे रक्षण करतो, शैलीचे नव्हे. छापाला कोणी निर्मलचे नाव दिले, अथवा मांडणीने तसा भास निर्माण केला, तर तो दोषी ठरेल. नाव न घेता काळ्या भूमीवर सोनेरी हरिण छापणाऱ्यास तो अडवू शकत नाही. लेखाधिकाराचा कायदा कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे संरक्षण देतो. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या आकृतीचा कर्ता कोण म्हणून दाखवावा?

जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे ग्राहकाचा विवेक लागतो. आणि देवस्थाने ही मोठी ग्राहक आहेत. उत्सवाच्या हजार स्मृतिचिन्हांसाठी छाप घ्यावा, त्यात वावगे काही नाही. गावातील एखाद्या तरुणाचे दुकान त्यावर चालते. पण त्या छापास छाप म्हणावे. आणि वर्षाकाठी एखादा फलक, एखादी प्रभावळ निर्मलच्या किंवा सावंतवाडीच्या हाताकडून करवून घ्यावी, तिचे मोल हाताचे म्हणून द्यावे. हस्तकलेचा नाश यंत्र करीत नाही. छाप आणि हात यांत फरक नाही असे जेव्हा खरेदी करणारा मानू लागतो, तेव्हा कारागिराचा मुलगा कोरणी खाली ठेवतो, आणि ती पुन्हा उचलली जाईल याची हमी कोणत्याही कायद्यात नाही.