फ्रीजसाठी सुचलेली नळी

गेमिंग कॉम्प्युटरचं बाजूचं झाकण काढलं की प्रोसेसरवर पातळ पत्र्यांचा मनोरा दिसतो आणि त्यातून आरपार गेलेल्या तांब्याच्या चार-सहा नळ्या. बरेच जण त्यांना भरीव गज समजतात. त्या पोकळ असतात आणि मुळात कॉम्प्युटरसाठी जन्मलेल्याच नाहीत.

अमेरिकेत जनरल मोटर्समधला रिचर्ड गॉग्लर १९४२ साली फ्रीजच्या विचारात होता. आतली उष्णता त्याला खालच्या बर्फाच्या भांड्यापर्यंत न्यायची होती. वर द्रव उकळेल, वाफ खाली जाऊन थंड होईल, हे ठीक. पण तो द्रव पंपाशिवाय परत वर चढायचा कसा? गॉग्लरने नळीला आतून सच्छिद्र अस्तर दिलं. समईतली वात तेल वर ओढते, तसं ते अस्तर द्रव वर ओढतं. १९४४ मध्ये पेटंट मिळालं. कंपनीने मात्र त्याचं पुढे काही केलं नाही.

१९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर स्वतंत्रपणे त्याच युक्तीपाशी पोचला. त्याचा प्रश्न अंतराळातल्या अणुऊर्जेचा होता. तिथे द्रव खाली ओघळायला गुरुत्वाकर्षणाची मदत नाही. सगळी मदार अस्तरावर. ‘हीट पाइप’ हे नाव ग्रोव्हरचं. १९६७ मध्ये पाणी भरलेल्या हीट पाइपची कक्षेत चाचणीही झाली.

कॉम्प्युटरला तिची गरज उशिरा पडली. १९९०च्या दशकात लॅपटॉपमधल्या चिपवर मोठा पंखा बसवायला जागाच नव्हती; म्हणून या नळीने उष्णता कडेच्या पंख्यापर्यंत न्यायची. डेस्कटॉपचे मनोरे त्यानंतरचे.

आजच्या नळीत हवा काढून किंचित पाणी भरतात. दाब इतका कमी की ते शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं. वाफ पत्र्यांकडे धावते, तिथे तिचं पुन्हा पाणी होतं आणि तांब्याच्या भुकटीचं अस्तर ते परत प्रोसेसरकडे आणतं.

नळ्या मोजून कूलर विकत घेणारे एक विसरतात: नळी उष्णता फक्त वाहून नेते, बाहेर टाकतो तो पंखाच. मे महिन्यात नागपुरातली खोली ४० अंशांवर असेल, तर कितीही महाग मनोरा प्रोसेसरला त्याखाली आणणार नाही. पत्र्यांमधली धूळ काढत जा, पण नळ्या वाकवू नका. नळीला बारीकसं भोक पडलं तरी आत हवा शिरते आणि मग कूलर बदलण्यावाचून इलाज नसतो.