सर्कोव्हायरस : हंस-बदकांची रोगप्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू

एकाच दिवशी आणलेली बदकाची पिले. खाणे सारखे, पाणी सारखे. तरी काही पिले खुरटलेली राहतात, पाठीवरची पिसे विरळ होतात आणि मग साध्या जंतुसंसर्गानेही मरू लागतात. यामागे अनेक कारणे असू शकतात. त्यातले एक म्हणजे सर्कोव्हायरस.

हा विषाणू कोणता?
याचा डीएनए गोल कड्यासारखा असतो, म्हणून हे नाव. हा अतिशय लहान विषाणू आहे. हंसांमधल्या प्रकाराचा डीएनए सुमारे 1,800 अक्षरांचा, तर बदकांमधल्याचा सुमारे 2,000 अक्षरांचा असतो. माणसाच्या डीएनएत अशी सुमारे 300 कोटी अक्षरे असतात.

कुठे सापडला?
जर्मनीत. पाळीव हंसांमधला प्रकार 1999 मध्ये, तर बदकांमधला 2003 मध्ये प्रथम नोंदवला गेला. त्यानंतर हंगेरी, पोलंड, तैवान, चीन अशा देशांतही तो आढळला.

शरीरात काय करतो?
पक्ष्यांच्या शेपटीखाली, विष्ठामार्गाजवळ बर्सा नावाची छोटी पिशवी असते. रोगांशी लढणाऱ्या काही महत्त्वाच्या पेशी तिथेच घडतात. सर्कोव्हायरस नेमका त्या पेशींचा नाश करतो. कोंबडीपालकांना गंबोरो रोग माहीत असतो. तोही बर्सावरच घाला घालतो, पण त्याचा विषाणू वेगळा आहे.

मग पक्षी कशाने मरतो?
बहुतेक वेळा दुसऱ्याच संसर्गाने. प्रतिकारशक्ती ढासळली की रायमेरेला, ई. कोलाय यांसारखे जिवाणू शिरकाव करतात. तपासणीत तेच सापडतात आणि मूळ कारण नजरेआड राहते. प्रतिजैविकांनी जिवाणू आटोक्यात येतात, विषाणू नाही. त्यामुळे पुढच्या खेपेच्या पिलांतही तोच त्रास दिसू शकतो. अनेक पक्ष्यांत तर संसर्ग असूनही वरून लक्षणे दिसत नाहीत.

निदान आणि उपाय काय?
निव्वळ लक्षणांवरून निदान होत नाही. पीसीआर चाचणी लागते. विषाणूवर थेट औषध नाही. विषाणू विष्ठेतून पसरतो आणि शरीराबाहेरही चिवटपणे टिकतो. म्हणून भर प्रतिबंधावर हवा. एक खेप गेली की शेड धुऊन, निर्जंतुक करून काही दिवस मोकळी ठेवावी. वेगवेगळ्या वयाचे पक्षी एकत्र ठेवू नयेत, गर्दी टाळावी आणि पिले खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावीत.

माणसाला धोका आहे का?
हंस-बदकांचा सर्कोव्हायरस माणसाला झाल्याची नोंद नाही. हा बर्ड फ्लूही नव्हे. मात्र पक्षी अचानक मोठ्या संख्येने मरू लागले, तर अंदाज बांधत बसू नका. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नका आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा.