हिंगणघाटचा भाव : नाव एक, प्रती अनेक

कापसाचा हंगाम सुरू झाला की बाजारभावाच्या स्तंभात हिंगणघाटचे नाव नित्यनेमाने झळकू लागते. वर्धा जिल्ह्यातील वणा नदीकाठचे हे गाव विदर्भातील कापसाच्या प्रमुख बाजारपेठांपैकी एक आहे. गावाच्या नावापुढे आवक आणि त्यापुढे तीन आकडे असतात : किमान, कमाल व सर्वसाधारण दर. हे आकडे पाहून शेतकरी माल आज विकावा की घरात ठेवावा याचा निर्णय घेतो, सावकार उधारीचा अंदाज बांधतो आणि शहरातील वाचक विदर्भाचे यंदा बरे चालले आहे की नाही याचे अनुमान काढतो. मात्र छापलेला दर आणि शेतकऱ्याच्या हाती पडलेली रक्कम यांचा मेळ अनेकदा बसत नाही. त्यामागे दर वेळी लबाडीच असते असे नाही. दर एका विशिष्ट प्रतीचा असतो आणि गाडीतला माल दुसऱ्या प्रतीचा, हे त्याचे खरे कारण आहे. हिंगणघाटच्या बाबतीत ही विसंगती दीडशे वर्षांची जुनी आहे.

लिव्हरपूलच्या यादीतले गाव

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून इंग्लंडला जाणारा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात सरसकट ‘सुरत’ या नावाने ओळखला जाई. त्यात पुढे पोटभेद होते. ते गावांच्या वा प्रदेशांच्या नावांवरून पडले होते : भडोच, धोलेरा, धारवाड, अमरावतीवरून आलेले ‘उमरा’ आणि हिंगणघाट. या सर्वांत हिंगणघाटचा मान मोठा होता. या भागात पिकणारा ‘बनी’ नावाचा देशी कापूस लांब, मऊ आणि तलम धाग्याचा होता. त्यामुळे दरपत्रकात हिंगणघाटच्या ओळीपुढचा आकडा इतर देशी कापसांपेक्षा वरचा असे.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तेथील कापसाचा पुरवठा आटला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचे दिवस आले. मध्य प्रांत व वऱ्हाडातील कापसावर देखरेख ठेवण्यासाठी १८६६ साली स्वतंत्र कापूस आयुक्त नेमण्यात आला. हॅरी रिव्हेट-कार्नॅक हे त्या पदावर होते. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली आणि बैलांच्या तांड्यांवरून महिनोन्‌महिने चालणारी वाहतूक काही दिवसांवर आली. पुढे वर्ध्याहून वरोऱ्याकडे जाणारा लोहमार्ग हिंगणघाटवरून गेला. एका मध्यम आकाराच्या गावाचे नाव अशा रीतीने जागतिक बाजारात एक प्रत म्हणून रूढ झाले.

नाव राहिले, कापूस गेला

बनी कापसाला जसा गुण होता तसा दोषही होता. त्यात सरकीच्या मानाने रुई कमी निघे आणि उत्पन्नही बेताचे येई. त्याउलट ‘जरी’ या नावाने ओळखला जाणारा आखूड धाग्याचा कापूस जाडाभरडा खरा, पण त्याचे पीक भरघोस येई आणि रुईचा उताराही चांगला असे. शेतकऱ्याला पैसा वजनावर मिळत होता. धाग्याच्या तलमपणाची जादा किंमत गावापर्यंत क्वचितच पोहोचत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आखूड धाग्याच्या रुईला जपान आणि युरोप खंडातून मागणी येऊ लागली, तेव्हा निवड आणखी सोपी झाली. शेतकऱ्याने जरी पेरली. यात त्याची चूक काढणे कठीण आहे.

मिश्रणाला यंत्रांनीही हातभार लावला. जिनिंग कारखान्यात निरनिराळ्या गावांचा माल एकत्र पिंजला जाई आणि तेथूनच सरकी बियाणे म्हणून शेतात परत जाई. कारखान्यात मिसळलेले वाण पुढच्या वर्षी वावरातही मिसळलेले उगवू लागले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सरकारी गॅझेटिअरने नोंद केली, की हिंगणघाटच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या लांब धाग्याच्या कापसाची जागा आता आखूड धाग्याच्या वाणांनी घेतली आहे. व्यापारातले नाव मात्र लगेच नाहीसे झाले नाही. नावाचा जुना लौकिक आणि गाठीतला नवा माल यांत जे अंतर पडले, त्याचा भुर्दंड कधी खरेदीदाराला बसला, तर कधी शुद्ध बनी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला. त्याच्या मालालाही मिश्र मालाच्याच तराजूत तोलले जाऊ लागले.

कायद्याची ठिगळे

कापसातील भेसळ रोखण्याचे प्रयत्न मुंबई इलाख्यात फार पूर्वी, १८२९ च्या विनियमापासून सुरू झाले होते. १८६३ साली कापूस भेसळ प्रतिबंधाचा अधिक कडक कायदा झाला. त्यात तपासनीस आणि शिक्षेची तरतूद होती. भेसळ गुपचूप होत असल्याने या कायद्यांचा उपयोग मर्यादितच राहिला.

पुढे उपायांची दिशा बदलली. वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला आणि उघड्या बाजारात ठरलेल्या नियमांनी खरेदी करण्याची पद्धत आली. मध्य प्रांतात कापूस बाजाराचा कायदा १९३२ साली झाला. दरम्यान १९२१ साली मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. हलका कापूस चांगल्या कापसाच्या भागात आणून मिसळू नये यासाठी १९२३ चा वाहतूक कायदा आला, तर १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर कारखान्याचे चिन्ह आणि क्रमांक घालणे बंधनकारक केले. माटुंग्याची प्रयोगशाळा १९२४ साली सुरू झाली. नाव पाहून किंमत ठरवण्याऐवजी धागा मोजून ती ठरवावी, हा विचार तेथून रुजत गेला.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने आणखी एक प्रयोग केला. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत खरेदीदार एकच होता, राज्याचा पणन महासंघ. दर आधीच जाहीर असे, त्यामुळे त्याबद्दल वाद नव्हता. वाद प्रतीवर येऊन ठेपला. केंद्रावरचा ग्रेडर ढिगात हात घालून कापूस कोणत्या प्रतीचा ते सांगे आणि त्या एका शब्दावर शेतकऱ्याची वर्षाची कमाई ठरे. तीन दशकांनंतर, २००२ च्या सुमारास खासगी व्यापार पुन्हा खुला झाला. ग्रेडरची जागा लिलावाने घेतली, पण प्रतीचा प्रश्न कायम राहिला.

तीन आकड्यांचा अर्थ

केंद्र सरकारने २००० साली बाजार समित्यांचे दर संगणकाद्वारे एकत्र करण्यास सुरुवात केली. राज्याचे कृषी पणन मंडळही रोजचे दर प्रसिद्ध करते. त्यातील ‘सर्वसाधारण’ या शब्दाने अनेकांची फसगत होते. ही सरासरी नव्हे. त्या दिवशी अधिकाधिक मालाचे व्यवहार ज्या दराने झाले, तो हा दर. किमान दर हा बहुधा ओल्या, कचरायुक्त किंवा हंगामाच्या शेवटच्या फरदडीच्या कापसाचा असतो. कमाल दर एखाद्या मोजक्या, कोरड्या आणि स्वच्छ ढिगाचा असू शकतो. गावात दुसऱ्या दिवशी चर्चा मात्र त्याचीच होते. तिन्ही आकड्यांसोबत ओलावा किती होता, रुईचा उतारा किती होता, हे छापलेले नसते.

वाणांचे रकाने पाहिले तर इतिहासाची पुनरावृत्ती दिसते. दरपत्रकात ‘एच-४’ हे नाव आजही येते. सुरत येथे तयार झालेला हा संकरित वाण १९७० साली प्रसारित झाला. व्यापारी तत्त्वावर लागवड झालेला तो जगातील पहिला संकरित कापूस. २००२ नंतर बीटी वाणांनी बहुतेक सर्व क्षेत्र व्यापले आणि मूळ एच-४ शेतातून जवळजवळ हद्दपार झाला. व्यापारात मात्र साधारण साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस मिलिमीटर धाग्याची प्रत अशा अर्थाने त्याचे नाव टिकून राहिले. एकेकाळी हिंगणघाटचे जे झाले तेच.

आणखी एक गोंधळ एककाचा. मुंबईच्या बाजारातला दर रुईचा आणि खंडीला असतो. खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. हिंगणघाटचा दर सरकीसह कापसाचा आणि क्विंटलला असतो. रुईची खंडी ५५ हजारांना असेल तर रुईचा क्विंटल सुमारे १५ हजार ४५० रुपयांना पडतो. हा आकडा कापसाच्या भावाशी थेट ताडून ‘व्यापारी निम्मा पैसा खातो’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरते, कारण क्विंटलभर कापसातून रुई जेमतेम एक तृतीयांश निघते.

हमीभाव कोणत्या कापसाचा?

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये आधारभूत किंमत जाहीर केली. हे दोन आकडे सर्वत्र छापून आले. त्यामागची व्याख्या फारशी छापून आली नाही. मध्यम म्हणजे साडेचोवीस ते साडेपंचवीस मिलिमीटर लांबीचा आणि ४.३ ते ५.१ मायक्रोनेअरचा धागा. लांब म्हणजे साडेएकोणतीस ते साडेतीस मिलिमीटर लांबीचा आणि ३.५ ते ४.३ मायक्रोनेअरचा. मायक्रोनेअर हे धाग्याच्या जाडीचे व पक्वतेचे माप आहे. या दोहोंच्या मधल्या प्रतींचे दर मुंबईतील वस्त्रोद्योग आयुक्तांचे कार्यालय गुणांतील फरक लक्षात घेऊन ठरवते.

शिवाय हा दर आठ टक्के ओलाव्याचा आहे. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांहून जास्त भरला की त्या प्रमाणात कपात होते आणि बारा टक्क्यांपलीकडे माल घेतला जात नाही. ७,७१० रुपयांचा कापूस अकरा टक्के ओला निघाला, तर तीन टक्के कपात होऊन हाती ७,४७८ रुपये ७० पैसे येतात. दिवाळीच्या आसपासच्या पहिल्या वेचणीत, पहाटेच्या दवात वेचलेल्या कापसात, हा ओलावा सहज असतो. नेमक्या याच वेळी शेतकऱ्याला पैशाची निकड सर्वाधिक असते.

खासगी खरेदीदाराचे गणित रुईच्या उताऱ्यावर चालते. उदाहरणादाखल रुई किलोला १५० रुपये आणि सरकी ३५ रुपये धरू, दोन किलो घट सोडून देऊ. क्विंटलमागे ३५ किलो रुई देणाऱ्या कापसातून ७,४५५ रुपयांचा माल निघतो. ३२ किलो देणाऱ्या कापसातून ७,११० रुपयांचा. डोळ्यांना दोन्ही ढीग सारखेच पांढरे दिसतात, पण अंतर ३४५ रुपयांचे असते. खरेदीदार ते अनुभवाने ओळखतो. शेतकऱ्याकडे मात्र आपल्या कापसाचा उतारा मोजून सांगणारे साधन सहसा नसते. दर दोघांनाही माहीत असतो, प्रत एकालाच. सौद्यातली विषमता इथे असते.

चिठ्ठीवरची प्रतही चुकते

हा घोळ केवळ शेतमालाचा नाही. अमेरिकेत जुन्या खेळाडूंची छापील कार्डे जमवण्याचा मोठा छंद आहे. १९७९ साली तेथे बेसबॉलच्या कार्डांची दरपुस्तिका निघाली. १९९१ साली कार्डे तपासून एक ते दहा गुण देणारी आणि ती प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करणारी पीएसए ही संस्था सुरू झाली. प्रत आणि किंमत दोन्ही निश्चित झाल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात पुस्तिकेतले दर बाजाराच्या मागे राहत आणि समान गुणांची दोन कार्डे वेगवेगळ्या किमतींना विकली जात. या संस्थेने अगदी प्रथम तपासलेले होनस वॅगनर या खेळाडूचे कार्ड आठ गुणांचे ठरले होते. त्याच्या कडा कापून ते नीटनेटके केल्याची कबुली एका लिलावदाराने २०१३ साली न्यायालयीन प्रकरणात दिली. म्हणजे दरच नव्हे, त्याचा आधार असलेली प्रतही शंकास्पद ठरू शकते. संग्राहकाचे त्यात छंदाचे पैसे जातात. कापूस उत्पादकाचे वर्ष जाते.

दर वाचताना

दरपत्रक निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. दरपत्रक नसते तर शेतकरी पूर्णपणे अडत्याच्या शब्दावर विसंबून राहिला असता. त्याची मर्यादा ओळखणे एवढेच गरजेचे आहे. कमाल दरापेक्षा सर्वसाधारण दर पाहावा. एका दिवसाऐवजी आठवड्याचा कल पाहावा. आवक किती होती तेही पाहावे, कारण थोड्या मालावरचा चढा दर फसवा असतो. वेगवेगळ्या वेचणीचा कापूस वेगळा ठेवला आणि वाळवून आणला, तर निदान ओलावा आणि कचरा या दोन कारणांनी होणारी कपात टळते.

यापलीकडचे काम बाजाराचे आहे. गाठीचा धागा आज यंत्रावर मोजता येतो. २०२० साली भारतीय कापसाला ‘कस्तुरी’ हे नाव देण्यात आले, तेव्हा नावामागची प्रत तपासून सिद्ध करण्याचा हेतू त्यात होता. ही मोजणी गाठीपर्यंत आली आहे. ती शेतकऱ्याच्या गाडीपर्यंत, लिलावाच्या आधी पोहोचायला हवी. बनी कापूस पिकवणाऱ्याला त्याच्या धाग्याचे मोल गावातच मिळाले असते, तर हिंगणघाटचे नाव आणि हिंगणघाटचा कापूस यांची ताटातूट कदाचित झाली नसती.