चोविसाव्या हिश्श्याची गाडी : तान्ह्या पोळ्यापासून प्लॅस्टिकच्या मोटारीपर्यंत

बाभुळगावात मोटारींच्या प्लॅस्टिक प्रतिकृतींवर व्याख्यान ठेवलं आहे म्हटल्यावर काहींनी आम्हाला विचारलं, "हा शहरातला शौक, याचं आपल्या कापसाच्या मुलखात काय काम?" प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्याआधी आम्हीच एक प्रश्न विचारतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लहानपणी आपण काय ओढत नेत होतो? चार चाकांच्या फळीवर उभा केलेला लाकडी बैल. त्याला झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. तोरणाखाली रांग लागायची, ज्याची सजावट चांगली त्याला बक्षीस, आणि मग घरोघरी फिरून बोजारा. खऱ्या वस्तूची लहान प्रतिकृती करायची आणि ती बारकाव्यानं सजवायची, हा शौक विदर्भात बाहेरून आलेला नाही. तान्हा पोळा नागपूरच्या भोसल्यांनी 1806 मध्ये सुरू केला, असं परंपरेनं सांगतात. ही परंपरा धरली, तर आपला शौक प्लॅस्टिकपेक्षा सुमारे एकशे तीस वर्षांनी जुना ठरतो.

आता प्लॅस्टिककडे येऊ. सुटे भाग जोडून करायचे प्लॅस्टिकचे संच 1936 मध्ये इंग्लंडमध्ये आले. फ्रॉग कंपनीची ती विमानं होती, पेंग्विन नावानं विकली गेलेली, 1:72 प्रमाणाची. पण आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट आहे 1949 ची. एअरफिक्स या इंग्रजी कंपनीला फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या लहान प्रतिकृती करण्याचं काम मिळालं. ट्रॅक्टर विकणाऱ्या प्रतिनिधींनी गिऱ्हाइकाला दाखवायला त्या हव्या होत्या. एकेक प्रतिकृती हातानं जोडणं महागात पडत होतं. मग युक्ती निघाली : जोडायचं काम विकत घेणाऱ्यावरच सोपवा. सुटे भाग दुकानात विकायला गेले आणि कंपनीची डोकेदुखी होती ती गिऱ्हाइकाची करमणूक झाली.

या गोष्टीला आपल्याकडे एक शेपूट आहे. फर्ग्युसनच्या घराण्यातली मॅसी फर्ग्युसन 1960 मध्ये स्थापन झालेल्या मद्रासच्या टॅफे कंपनीतून भारतात बनू लागली. म्हणजे ज्या घराण्याच्या ट्रॅक्टरचा संच इंग्लंडमधली पोरं जोडत होती, त्याच घराण्याच्या खऱ्या ट्रॅक्टरनं पुढं आपल्या गोठ्यातला बैल कमी केला.

अमेरिकेत रेव्हेल कंपनीनं 1951 च्या सुमारास जुन्या मोटारींचे संच काढले. एएमटी या कंपनीची सुरुवातही जाहिरातीतूनच झाली. नव्या मोटारीची लहान प्रतिकृती विक्रेत्याच्या टेबलावर ठेवायची. 1958 पासून तिनं 1:25 प्रमाणाचे संच विकले. एका खोक्यातून तीन तऱ्हांनी गाडी जोडता येई, म्हणून पोरं त्यावर तुटून पडली. जपानमध्ये शिझुओका गावची तामिया आधी लाकडाचा व्यापार करी, मग लाकडी प्रतिकृती करू लागली आणि 1960 मध्ये प्लॅस्टिककडे वळली. तिचं गाजलेलं 1:35 हे प्रमाण कुठून आलं? रणगाड्याच्या पोटात मोटार आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, या हिशेबातून! प्रमाण नेहमी शास्त्रातूनच येतं असं नाही, कधी ते अडचणीतून येतं.

हे प्रमाण म्हणजे काय, ते एकदा पक्कं करून घेऊ. 1:24 म्हणजे खऱ्या दोन फुटांचा इथं एक इंच. आपली अॅम्बेसेडर साधारण 4.3 मीटर लांब, म्हणजे 1:24 मध्ये ती अठरा सेंटिमीटर. 1:43 मध्ये दहा. तळहातावर मावते.

मग आपल्याकडे हा शौक उशिरा का रुजला? हात कमी होते म्हणून नव्हे. ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवर आपल्याकडे कडक बंधनं होती. त्यातली शेवटची 715 वस्तूंवरची संख्यात्मक बंधनं उठली ती एप्रिल 2001 मध्ये. तोवर परदेशी संच म्हणजे कुणाचा मामा आखातातून आला, तर. 1980 च्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या ब्लो प्लास्टच्या पुढाकारानं लिओ मटेलच्या धातूच्या गाड्या आल्या, पण त्या तयार मिळत. जोडायला काही उरत नसे. पुढं दार उघडलं आणि पुन्हा थोडं लोटलं गेलं : खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. जकातीच्या वर्गवारीत बाहुली आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती एकाच मथळ्याखाली येतात. सरकारी कागदाला खेळणं आणि अभ्यास यांतला फरक दिसत नाही. तो आपल्याला दिसला पाहिजे.

आम्हाला पहिला संच मिळाला तेव्हा आम्ही चौघे मित्र होतो. भाग ज्या काड्यांच्या चौकटीला चिकटून येतात, तिला स्प्रू म्हणतात. ते भाग कापून काढायच्या ऐवजी आम्ही पिरगाळून तोडले, कडा फाटल्या. पुढची काच बसवायला झटपट चिकटणारा गोंद वापरला. सकाळी पाहतो तर काच पांढुरकी, जणू मोतीबिंदू झालेला. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. पॉलिस्टायरिनचा खरा गोंद वेगळा. तो पृष्ठभाग किंचित विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. तो चिकटवत नाही, सांधतो म्हणा ना.

बाकीचं काम धीराचं आहे. पॉलिश पेपरनं सांधे घासायचे, अस्तराचा रंग द्यायचा, मग वरचा रंग पातळ थरांत. दाराच्या फटीत पातळ काळसर रंग सोडला की दार वेगळं दिसू लागतं. कोरड्या ब्रशानं कडांवर चांदीचा हात फिरवला की पत्रा झिजलेला वाटतो. आणि इथं आमचं इतिहासाचं काम सुरू होतं. खोक्यातली गाडी कारखान्यातून निघाल्या दिवसाची असते. ती कुठं चालली, हे जोडणारा सांगतो. तामियाची 1:35 ची विलिस जीप घ्या. खोक्यावर ती युद्धातली आहे. पण 1947 पासून महिंद्रांनी याच घराण्याची जीप मुंबईत जोडायला घेतली. त्या प्रतिकृतीच्या चाकांना हिरवा-करडा युरोपी चिखल लावू नका. धामणगाव–यवतमाळ रस्त्याच्या कडेची काळी माती वाळल्यावर जशी राखी दिसते, तसा रंग द्या. लगेच ती आपल्या तालुक्यातली जीप होते.

पुण्यात भाऊसाहेब जोशींनी हे मोठ्या प्रमाणात करून दाखवलं. 1 एप्रिल 1998 रोजी त्यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू झालं. 1:87 प्रमाणाच्या गाड्या, सिग्नल, अख्खं शहर. एका माणसाच्या छंदातून सार्वजनिक संस्था उभी राहिली.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी आम्ही आज इथं आलो. जगात फोर्डचा संच मिळतो, फेरारीचा मिळतो. आपल्या बंडीचा कुठं आहे? जिच्यावरून बाभुळगावचा कापूस जिनिंगला गेला, ती बंडी सुताराच्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. तुंब्यात आरे कोणत्या कलानं बसतात, धाव तापवून चाकावर कशी चढवतात आणि पाणी ओतल्यावर ती आवळून लाकूड कसं घट्ट धरते, हे सांगणारी माणसं थकत चालली आहेत. बंड्या घराच्या मागं कुजत आहेत, धाव भंगारात जाते. तान्ह्या पोळ्याचा बैलही आता बरेचदा तयार आणला जातो.

आमचं म्हणणं असं नाही की मोटारी सोडा. मोटारी जोडूनच आम्ही मोजायला शिकलो. तीच मोजपट्टी आता घेऊन जाऊ. गावात एक जरी बंडी उभी असेल, तर या दिवाळीच्या सुटीत पोरांनी तिचं माप घ्यावं. चाकाचा व्यास, आऱ्यांची संख्या, जुवाची लांबी, कण्याची जाडी. सोबत म्हाताऱ्या सुतारकाकांना बसवावं, प्रत्येक भागाचं नाव त्यांच्या तोंडचंच लिहून घ्यावं. चार फुटांचं चाक 1:24 मध्ये दोन इंचांचं होतं. बाभळीची काडी चालेल, पुठ्ठा चालेल, जुन्या संचाची उरलेली स्प्रूसुद्धा चालेल. आणि पुढच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल एकटा नेऊ नका. त्याच्या मागं त्याची मापात बसणारी बंडी जुंपा. बक्षीस देणाऱ्यांनीही बेगड किती चमकते ते पाहण्याआधी आरे मोजावेत, एवढीच विनंती.

आता प्रश्न विचारा. आणि ज्यांच्या घरी बंडी आहे, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर जरा थांबावं. मोजपट्टी आम्ही आणलेली आहे.