तीन मिनिटांत न मावलेला वऱ्हाड

अमरावतीचा परकोट अजून उभा आहे, अकोल्याचा असदगड आहे, दादासाहेब खापर्ड्यांच्या रोजनिश्या आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा वऱ्हाड पाहायचा किंवा वाचायचा म्हटलं तर साधनं मिळतात. ऐकायचा म्हटलं की हात रिकामे राहतात. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड 1905 सालचा. त्यात वऱ्हाडी बोलीचे नमुने छापलेले आहेत. शब्द सापडतात, क्रियापदांची रूपं सापडतात. पण वाक्य संपताना आवाज कुठे ओढला जायचा, राग आला की बोलण्याची लय कशी तुटायची, हे छापील नमुन्यातून कळत नाही.

ध्वनिमुद्रण ऐकण्याचा आणि जुनी यंत्रं चालती ठेवण्याचा मला नाद आहे. त्या नादापायी वऱ्हाडच्या मुद्रित आवाजाचा माग काढत गेलो, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसली. कोणता आवाज टिकला, हे बरेचदा त्याच्या गुणावर ठरलेलं नाही. तबकडीत किंवा फितीत किती मिनिटं मावत होती, यावर ते ठरलं आहे.

सुरुवात करावी लागते कलकत्त्यापासून. 1902 च्या हिवाळ्यात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग तिथे उतरला आणि नोव्हेंबरात त्याने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायिकेने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या हवेच्या दाबाने पडदा हलायचा आणि सुई मेणावर रेघ ओढायची. कर्ण्यातून खर्ज जेमतेम जायचा, वरचे बारीक स्वर गळून जायचे. मेणाची मूळ प्रत जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तिथे तबकड्या निघायच्या. कारखान्यातल्या लोकांना गाणं कोणाचं हे कळावं म्हणून गौहर जान शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायची. 1908 मध्ये कलकत्त्याजवळ सियालदहला कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच बनू लागल्या. त्यांचा मुख्य घटक लाख. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवरच्या किड्यांची. जगभरच्या तबकड्यांसाठी ही लाख मुख्यतः भारताच्या जंगलांतून जायची.

दहा इंची तबकडी मिनिटाला 78 फेरे घ्यायची आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं वाजायची. पुढच्या जवळपास पन्नास वर्षांचं आपलं संगीत या साडेतीन मिनिटांत बसवलं गेलं.

वऱ्हाडचा शब्द या तबकडीवर चढला तो नाटकाच्या वाटेने. अमरावतीचे वीर वामनराव जोशी टिळकपंथी पुढारी, पत्रकार आणि नाटककार. त्यांचं ‘रणदुंदुभि’ 1927 मध्ये बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणलं. चाली वझेबुवांच्या, गाणारे मास्टर दीनानाथ मंगेशकर. रंगमंचावर त्यातलं एखादं पद ‘वन्स मोअर’ घेत घेत पंधरा-वीस मिनिटं रंगत असे. तबकडीवर त्याचं सार तेवढं आलं: स्थायी, अंतरा, दोन-चार लखलखत्या ताना, आणि सुई थांबली. दीनानाथांचा आवाज मात्र असा धारदार की त्या अपुऱ्या यंत्रातूनही तो आज अंगावर येतो. पारतंत्र्यावरचा अमरावतीच्या लेखकाचा संताप महाराष्ट्रभर घराघरांत पोचला, तो या लाखेच्या तबकडीमुळे.

त्याच काळात वऱ्हाडात यापेक्षा मोठ्या समुदायापुढे एक आवाज घुमत होता, आणि तो तबकडीच्या मापात बसणारा नव्हता. शेंडगावात 1876 मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे लोकांशी चाललेलं बोलणं. बाबा प्रश्न विचारायचे, हजारोंचा जमाव उत्तर द्यायचा, त्या उत्तराला बाबा पुन्हा भिडायचे. कर्ज, दारू, नवस, कोंबडं-बकरं, पोराची शाळा, सगळं त्या सवाल-जबाबात यायचं. यातली तीन मिनिटं कापून काढली तर कीर्तन उरत नाही, नुसतं वाक्य उरतं. शिवाय कर्ण्यापुढे एकटा माणूस उभा करता येतो, जमाव उभा करता येत नाही. बाबांच्या कीर्तनात जमाव हा अर्धा कीर्तनकारच होता.

त्यासाठी चुंबकीय फीत यावी लागली. पाव इंच रुंदीच्या फितीच्या रिळावर अर्धा अर्धा तास सलग मुद्रण होऊ लागलं आणि मायक्रोफोनमुळे समोरची माणसंही ऐकू येऊ लागली. गाडगेबाबांचं अखेरचं कीर्तन 8 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालं आणि ते फितीवर उतरलं. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, 20 डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला बाबा गेले. हे मुद्रण कानाला हेडफोन लावून ऐकावं. बाबांचा थकलेला, खरखरीत आवाज अचानक चढतो, लोक हसतात, मग एका सुरात उत्तर येतं. त्या उत्तराआधीची अर्ध्या क्षणाची शांतताही फितीने धरली आहे. बाबांनी उभं आयुष्य गावोगावी कीर्तनं केली. आपल्याला नीट ऐकू येतो तो हा शेवटचा तुकडा. फीत आणखी पाच वर्षं उशिरा आली असती, तर तोही नसता.

जुलै 1948 मध्ये आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं आणि विदर्भातल्या आवाजांना पहिल्यांदा जवळचा माइक मिळाला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज त्या युगातले. यावलीला 1909 मध्ये जन्म, मोझरीला गुरुकुंज, हातात खंजिरी. 1955 मध्ये ते जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले, तेव्हाही खंजिरी बरोबर होती. भजन लहान असतं, त्याला धृपद असतं, म्हणून ते तबकडीच्या आणि नभोवाणीच्या मापात बसतं. पण महाराजांची पद्धत अशी की भजन थांबवून मध्येच चार वाक्यं बोलायची आणि पुन्हा खंजिरीवर थाप मारायची. ते बोलणं हा भजनाचा कणा होता. जिथे वेळ मोजून मिळाला, तिथे पहिल्यांदा त्याच बोलण्याला कात्री लागणार हे उघड आहे.

साडेतीन मिनिटांचं माप जणू स्वतःसाठीच बेतलं असावं असा एक प्रकार मात्र वऱ्हाडातच बहरला: मराठी गझल. सुरेश भटांचा जन्म अमरावतीचा, 15 एप्रिल 1932 चा. ‘रूपगंधा’ 1961 मध्ये आलं, ‘रंग माझा वेगळा’ 1974 मध्ये. गझलेचा प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. नऊ शेरांतले चार निवडले तरी गझल तुटत नाही. संगीतकाराला हवी तेवढी लांबी मिळते आणि कवीचा शब्द अखंड राहतो. हृदयनाथ मंगेशकरांनी भटांच्या रचनांना चाली दिल्या; ‘उंबरठा’ 1982 मध्ये आला तेव्हा लता मंगेशकरांच्या आवाजात भटांची गझल घराघरांत गेली. अमरावतीच्या वामनरावांचे शब्द वडिलांनी गायले, अमरावतीच्या भटांच्या शब्दांना मुलाने चाल दिली. दोन पिढ्यांमध्ये 78 फेऱ्यांची तबकडी जाऊन 33⅓ फेऱ्यांची एलपी आली, लाखेच्या जागी व्हिनाइल आलं, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. गाणं मात्र चार मिनिटांच्या आसपासच राहिलं. माप सुटलं तरी सवय सुटायला वेळ लागतो.

अकोल्याच्या विठ्ठल वाघांची तिफणीवरची कविता ‘अरे संसार संसार’ या 1981 च्या चित्रपटात आली, अनिल-अरुण यांच्या संगीतात, सुरेश वाडकर आणि अनुराधा पौडवाल यांच्या आवाजात. कपाशीच्या काळ्या मातीतला पेरणीचा शब्द सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसला. हे मोठंच काम झालं. तरी कान देऊन ऐकलं की जाणवतं, शब्द वऱ्हाडचे आहेत आणि उच्चार मुंबईच्या स्टुडिओतले. तबकडी आणि एलपीच्या सबंध काळात हेच होत राहिलं. वऱ्हाडाने शब्द दिले. यंत्र, गळा आणि बाजारपेठ बाहेरची होती.

हे उलटवलं कॅसेटने. फिलिप्सने ती 1963 मध्ये आणली; आपल्याकडे घरोघर पोचली ती ऐंशीच्या दशकात. फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद, वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. आवाजाचा दर्जा रिळाच्या पासंगालाही पुरत नव्हता. पण दोन गोष्टी पहिल्यांदाच घडल्या. एका बाजूला 45 मिनिटं सलग मिळाली, आणि मुद्रणाचं बटण ऐकणाऱ्याच्या हाती आलं. रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेल्या टू-इन-वनवर लाल बटण आणि प्लेचं बटण एकदम दाबलं की झालं. भीमराव पांचाळे हे अमरावती जिल्ह्यातल्या आष्टगावचे. मराठी गझलेची आख्खी मैफल, दोन शेरांमधल्या बोलण्यासकट, रसिकांच्या घरी जपली गेली ती अशा कॅसेटमुळे. आणि ज्यांचं नाव कुठल्याच तबकडीवर येणार नव्हतं, ती गावची भजनी मंडळंही फितीवर आली.

अशी एक कॅसेट माझ्याकडे आहे. हनुमान मंदिरातलं रात्रीचं भजन, टू-इन-वन बहुधा खांबाशी ठेवलेला. त्या यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी व्यवस्था असे. टाळ जोरात पडले की यंत्र आवाज दाबतं, टाळ थांबले की हळूहळू वर आणतं. त्यामुळे दोन भजनांच्या मधली जागा एकदम उजळते: कोणी खाकरतं, कोणी ‘चहा ठुला का बे?’ म्हणून विचारतं, रातकिडे ऐकू येतात, पेटीवाला सूर शोधत असतो. अभियंता याला दोष म्हणेल. मला यातून खेड्यातली एक सबंध बैठक ऐकू येते, आणि ज्या हेलाचा छापील नमुन्यात पत्ता नव्हता तो हेल त्या एका प्रश्नात स्वच्छ सापडतो.

पुढचा टप्पा मेमरी कार्डचा. दोन जीबीच्या कार्डात तीस तासांहून जास्त गाणी मावू लागली. मोबाइलच्या दुकानात जाऊन ‘गाणे भरून द्या’ म्हणायचं, की लग्नाची, भीमगीतांची, भजनांची, विनोदी वऱ्हाडी संवादांची फोल्डरं उतरून यायची. लांबीचा प्रश्न कायमचा मिटला, पण किंमत दुसरीकडे मोजावी लागली. एमपीथ्री फाइल लहान करताना कानाला कमी जाणवणारा भाग काढून टाकते. सलग स्वराला हे बाधत नाही. खंजिरीची थाप आणि तिच्या चकत्यांची किणकिण मात्र एका क्षणात उसळते. फाइल फार दाबली की त्या थापेच्या किंचित आधीच एक पुसट फुसफुस ऐकू येते आणि थापेची कड बोथट होते. तुकडोजी महाराजांची भजनं अशा दहादा उतरवलेल्या फाइलींतून ऐकली, की खंजिरी डब्यात खडे हलवल्यासारखी वाटते. ज्या पिढीने तेवढंच ऐकलं, तिला महाराजांचा हात किती तयारीचा होता हे कसं कळावं?

आज फोनमध्ये मापाची अडचण उरलेली नाही. तरी भुलाबाईची गाणी भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत ज्या आयाबाया तोंडपाठ म्हणतात, पोळ्याच्या तोरणाखाली ज्या झडत्या खणखणतात, मेळघाटात कोरकू फाग गातात, त्यांचं दोन-पाच मिनिटांपलीकडचं मुद्रण विरळाच आढळतं. साडेतीन मिनिटांची तबकडी गेली आणि तिच्या जागी तीस सेकंदांचं रील आलं. जुनी मर्यादा यंत्राची होती, ही आपण आपल्या हाताने घालून घेतली आहे. पुणे परिसरात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांतल्या अनेक बायांच्या स्वतःच्या आवाजात आज ऐकता येतात. चिकाटीने केलं तर हे काम होतं, याचा तो पुरावा आहे.

म्हणून घरातल्या कॅसेट आधी उतरवून घ्या. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. माळ्यावरच्या कॅसेटीचं कवच वाकतं, फितीला हेडवर दाबून धरणारी लहानशी नमद्याची गादी डिंक वाळून गळून पडते. ती गळाली म्हणजे कॅसेट मेली असं नाही. स्क्रूंचं दुसरं कवच घेऊन रिळं त्यात बसवावीत. आधी फीत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा फिरवून घ्यावी, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं. मग हेडशेजारचा बारीक स्क्रू फीत चालू असताना अगदी अलगद फिरवावा. टाळांची धार सर्वांत स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबावं. दहापैकी नऊ वेळा मंद, घोगरी वाटणारी कॅसेट एवढ्यानेच उघडते. 24 बिट, 48 किलोहर्ट्‌झची वेव्ह फाइल करावी. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला साधारण दीड जीबी लागते, आजच्या हिशेबात ती काहीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

नवं मुद्रण करताना फोन विमान मोडवर टाकून गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवावा, आणि गौहर जानने केलं तेच करावं: गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख त्याच फाइलमध्ये बोलून घ्यावी. मधलं बोलणं, हसणं, विसरलेली ओळ आठवण्याची धडपड, काहीही कापू नये. शंभर वर्षं कापलं गेलं ते नेमकं तेच. शब्द मुंबई-पुण्याच्या स्टुडिओतून पुन्हा कधीही मुद्रित होतील. हेल वऱ्हाडातच मुद्रित करावा लागेल, आणि तो कानाने ओळखणारी माणसं आहेत तोवरच.