दर बदलला की भेटी का बदलतात?

मेडिकेअर हा अमेरिकेतला मुख्यतः ६५ वर्षांवरच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा. १९६५ साली त्याचा कायदा झाला. नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट घरी येऊन उपचार करतात, त्याचे पैसेही यातून मिळतात. पण किती?

सुरुवातीला दर भेटीचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत भरून मिळायचा. जितक्या भेटी, तितके पैसे. १९९०च्या दशकात खर्च इतका वाढला, की १९९७च्या कायद्याने ही पद्धतच मोडीत काढली. ऑक्टोबर २०००पासून ६० दिवसांच्या सेवेला एकच ठरलेली रक्कम आली. त्यातही एक मेख होती: थेरपीच्या १० भेटी झाल्या, की रक्कम एकदम वाढायची. मग आलेखात दहाच्या जरा पुढे शिखर दिसू लागलं. २००८मध्ये टप्पे बदलून ६, १४ आणि २० केले. शिखरंही तिकडे सरकली. लोकांचे गुडघे काही एका वर्षात बदलले नव्हते! शेवटी जानेवारी २०२०पासून थेरपीच्या भेटी मोजून पैसे देणंच थांबलं.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. भेटींची संख्या म्हणजे रुग्णाची गरज, असं धरून चालू नका. आकड्यांत अचानक उडी दिसली, तर आधी त्या वर्षीचा पैशांचा नियम शोधा. मेडपॅक ही संस्था दरवर्षी मार्चमध्ये याच दरांबद्दल तिथल्या संसदेला शिफारस करते. आकडे वाचण्यात चूक झाली, तर तिची किंमत घरात अंथरुणाला खिळलेला माणूस मोजतो.